एच-इंडेक्स ४१ की १६? गाइड निवडण्याआधी पेपरांची यादी कशी वाचायची

प्रश्न थोडक्यात असा. एम.एस्सी. बायोटेक झालेल्या, जेआरएफ (पीएच.डी.साठीची सरकारी शिष्यवृत्ती) हातात असलेल्या एका मुलीला तोंडाच्या कॅन्सरवर पीएच.डी. करायची आहे आणि दोन गाइड तिला घ्यायला तयार आहेत. एका सरांच्या नावावर २१२ पेपर, ९,४०० सायटेशन (म्हणजे इतर पेपरांनी दिलेले दाखले), एच-इंडेक्स ४१. दुसऱ्या मॅडमचे ३८ पेपर, १,१५० सायटेशन, एच-इंडेक्स १६. घरचे म्हणतात, यात विचार कसला करायचा? तिने दोघांच्या याद्या पाठवल्या आणि विचारलं, "एवढा फरक असताना मॅडमकडे जाणं म्हणजे वेडेपणा ठरेल का?"

नाही ठरणार. पण का, ते सांगायला थोडा वेळ लागेल.

मी बावीस वर्षं कॅन्सरच्या क्लिनिकल चाचण्यांची आकडेमोड करते आहे. त्या निमित्ताने नेमणुकीच्या आणि बढतीच्या समित्यांवरही बसले, तिथे अशा शेकडो याद्या डोळ्यांखालून गेल्या. सुरुवात माझ्याच यादीपासून करते, म्हणजे कुणाला राग यायला नको. माझा सगळ्यात जास्त सायटेशन मिळालेला पेपर हा पंचवीस-तीस देशांनी मिळून केलेला आहे. त्यात माझं नाव कुठेतरी ऐंशीच्या पुढे आहे. माझं योगदान म्हणजे आमच्याकडची माहिती ठरलेल्या साच्यात भरून पाठवली आणि दोन ईमेलना उत्तर दिलं. उलट ज्या कामासाठी तीन वर्षं घासली, रात्री जागून एकेका रुग्णाची फाइल तपासली, त्या पेपरला आजवर अकरा सायटेशन आहेत, आणि त्यातली चार माझीच. प्रोफाइल उघडणाऱ्याला पहिला पेपर सर्वांत वर दिसतो. दुसरा दिसायला खाली, बराच खाली जावं लागतं.

आता एच-इंडेक्स. होर्हे हिर्श या कॅलिफोर्नियातल्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये ही कल्पना मांडली. ज्याच्या २० पेपरांना प्रत्येकी किमान २० सायटेशन आहेत त्याचा एच-इंडेक्स २०. हिशेब साधा असल्यामुळे तो झटकन पसरला. पण या आकड्याला तीन गोष्टी कळत नाहीत. तू यादीत पहिली आहेस की शहाऐंशिवी, हे त्याला कळत नाही. सायटेशन कौतुकाचं आहे की "हे चुकीचं आहे" असं म्हणणारं, हेही नाही. आणि तो कधी खाली येत नाही. माणसाने दहा वर्षांपूर्वी काम थांबवलं असलं तरी वाढतच राहतो. म्हणून साठीच्या प्राध्यापकाचा एच-इंडेक्स चाळिशीतल्या प्राध्यापिकेच्या शेजारी ठेवणं म्हणजे आजोबा आणि नात यांची वयं तुलना करून आजोबा जिंकले म्हणणं.

शिवाय तो फुगवता येतो. फ्रान्समधल्या सिरिल लाबे यांनी २०१० मध्ये 'आइक अँटकेअर' नावाचा एक काल्पनिक शास्त्रज्ञ तयार केला. संगणकाने जुळवलेले शंभरेक निरर्थक पेपर, सगळे एकमेकांना सायटेशन देणारे, इंटरनेटवर ठेवून दिले. गूगल स्कॉलरने (गूगलची संशोधनलेख शोधायची सेवा) या अस्तित्वातच नसलेल्या गृहस्थाला ९४ चा एच-इंडेक्स बहाल केला. तुझ्या सरांच्या दुप्पट!

आकडा कुठून घेतला हेही बघावं लागतं. गूगल स्कॉलर सगळं मोजतं: प्रबंध, परिषदेतले गोषवारे, कुठल्याशा वेबसाइटवर टाकलेली पीडीएफ. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या सूची निवडक प्रकाशनंच धरतात, म्हणून तिथले आकडे कमी भरतात. एकाचा आकडा स्कॉलरचा आणि दुसरीचा स्कोपसचा अशी तुलना समित्यांमध्येसुद्धा सर्रास होते. तू पाठवलेल्यातही तेच झालंय. सरांचा आकडा स्कॉलरचा आहे, मॅडमनी विद्यापीठाच्या पानावर स्कोपसचा दिलाय. स्कॉलरवर त्या १६ वरून २१ वर जातात, मी मोजून पाहिलं.

नावांचा घोळ तर आपल्याकडे विशेषच. 'पाटील एस.' असं शोधून बघ: सोलापूरचे सर्जन, धारवाडचे दंतवैद्य, टेक्सासमधले रेडिओलॉजिस्ट सगळे एका रांगेत उभे राहतात. जोशी, कुलकर्णी, शहा यांचंही तेच. कुणा दुसऱ्याच पाटलांचे पेपर प्रोफाइलमध्ये आपोआप येऊन बसतात आणि ते काढायचे कष्ट फार थोडे लोक घेतात. बायकांच्या बाबतीत उलटं होतं, लग्नानंतर आडनाव बदललं की आधीचं काम हिशेबातून गळतं. २०१२ पासून प्रत्येक संशोधकाला ऑर्किड नावाचा स्वतःचा कायमस्वरूपी क्रमांक मिळतो. तू आजच काढून ठेव, पाच मिनिटांचं काम आहे.

यादी उघडलीस की आधी नावाची जागा बघ. आपल्या क्षेत्रात पहिलं नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं, शेवटचं नाव ज्याची लॅब, ज्याचा प्रश्न, ज्याचा पैसा त्याचं. मधली नावं सांख्यिकीवाल्याची (म्हणजे माझी), पॅथॉलॉजिस्टची, नमुने देणाऱ्याची, आणि कधी कधी विभागप्रमुखांना वाईट वाटू नये म्हणून घातलेली. गाइड म्हणून पारखायचं असेल तर शेवटचं नाव त्यांचं असलेले पेपर वेगळे काढ आणि त्यांत पहिलं नाव कुणाचं आहे ते बघ. तो विद्यार्थी असेल तर उत्तम. तिथे दर वेळी गाइडच्याच बरोबरीचा कुणी सहकारी दिसत असेल, तर विद्यार्थ्यांनी केलेल्या कामाचं काय झालं, हा प्रश्न पडायला हवा.

जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरने भुलू नकोस. मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन भागिले त्या लेखांची संख्या, एवढाच तो हिशेब. युजीन गारफील्ड यांनी तो जर्नलांसाठी काढला होता, माणसांसाठी नव्हे. अमेरिकन कॅन्सर सोसायटीचं 'सीए' हे जर्नल या यादीत वर्षानुवर्षं अव्वल असतं. काही वर्षी त्याचा आकडा ५०० च्याही वर गेलाय. कारण काय? ते कॅन्सरची आकडेवारी छापतं. जगातला प्रत्येक कॅन्सर संशोधक आपल्या पेपरचं पहिलं वाक्य "दरवर्षी अमुक इतक्या लोकांना हा आजार होतो" असं लिहितो आणि तिथे त्या लेखाचा दाखला चिकटवतो. मीही चिकटवते. तो लेख उपयोगाचा आहे, वादच नाही. पण असं सायटेशन म्हणजे सत्यनारायणाच्या पूजेआधीची गणपतीपूजा, कुणी वाचून दिलेली दाद नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोच्या २०१२ च्या बैठकीतून निघालेल्या 'डोरा' जाहीरनाम्याने स्पष्टच सांगितलं की माणसाची लायकी जर्नलच्या आकड्यावरून ठरवू नका. बऱ्याच संस्थांनी त्यावर सह्या केल्या. समितीच्या खोलीत मात्र दार बंद झालं की पहिला प्रश्न अजून तोच असतो: इम्पॅक्ट फॅक्टर किती?

मग बघायचं काय? माझ्या मते धागा. एक माणूस एका प्रश्नाच्या मागे किती वर्षं आहे, उत्तर मनासारखं आलं नाही तेव्हा त्याने काय केलं, आणि त्याच्या उत्तरामुळे दुसऱ्या कुणी आपली रीत बदलली का.

मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये काम केलेले स्तनकॅन्सरचे सर्जन डॉ. राजेंद्र बडवे यांची यादी या दृष्टीने वाचून बघ, सगळी नको, चार पेपर पुरेत. पहिला १९९१ चा, 'लॅन्सेट' मधला, लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये असतानाचा. पाळी सुरू असलेल्या वयाच्या २४९ स्त्रियांच्या जुन्या नोंदी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. मासिक चक्राच्या साधारण तिसऱ्या ते बाराव्या दिवसात ज्यांची शस्त्रक्रिया झाली, त्यांच्यापैकी दहा वर्षांनी ५४ टक्के हयात होत्या; इतर दिवसांत झालेल्यांपैकी ८४ टक्के. खळबळ उडाली, भरपूर सायटेशन मिळाली. पण त्यांतली कितीतरी "आमच्याकडे असं काही दिसलं नाही" असं सांगणारी होती, कारण इतर ठिकाणच्या अभ्यासांत निष्कर्ष एकसारखे आले नाहीत. मागे वळून जुन्या फायली चाळणाऱ्या अभ्यासाचं असं होतंच. मोजणाऱ्या यंत्राला मात्र हो म्हणणारं आणि नाही म्हणणारं सारखंच.

बहुतेक लोक इथे थांबतात. गाजलेला पेपर हाती आहे, त्यावर आयुष्यभर व्याख्यानं देता येतात. बडव्यांनी मुंबईत परत आल्यावर त्याच प्रश्नाची रीतसर चाचणी लावली. चक्राच्या उत्तरार्धात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढलेलं असतं, तर मग शस्त्रक्रियेच्या पाच ते चौदा दिवस आधी त्याचं एक इंजेक्शन दिलं तर? सुमारे हजार स्त्रिया, चिठ्ठी टाकून दोन गट. निकाल २०११ मध्ये आला: सगळ्या मिळून पाहिलं तर फरक नाही. काखेतल्या गाठींपर्यंत आजार पोचलेल्यांत फायदा दिसला, पण उपगटात दिसलेल्या फायद्याकडे माझ्यासारखी माणसं भुवई उंचावूनच बघतात. (आमचा धंदाच तो.) तरी पेपर छापला, आणि मुख्य उत्तर 'नाही' आहे हे लपवलं नाही.

मग २०२३. 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी' मध्ये त्याच प्रश्नाचा पुढचा अवतार आला: शस्त्रक्रियेच्या त्या तासाभरात गाठीभोवती जे घडतं ते आपण बदलू शकतो का? भूल देण्यासाठी वापरतात ते साधं लिडोकेन, गाठ काढण्याच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीच्या सभोवार टोचलं. भारतातली ११ केंद्रं, १,६०० स्त्रिया. पाच वर्षांनी आजार न उलटता जगणाऱ्या ८६.६ टक्के विरुद्ध ८२.६ टक्के, एकूण हयात ९०.१ विरुद्ध ८६.४. औषध इतकं जुनं आणि स्वस्त की कुठल्याही कंपनीला त्यात रस नाही. दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे हेच पुन्हा करून दाखवावं असं मला वाटतं, आणि तोवर हा शेवटचा शब्द मी मानणार नाही. पण १९९१ ते २०२३ हा धागा बघ. बत्तीस वर्षं, एकच प्रश्न, तीन वेगवेगळे दरवाजे ठोठावलेले.

चौथा पेपर २०१५ चा, 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' मधला, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा. आजार शरीरात इतरत्र पसरलेला असताना स्तनातली मूळ गाठ काढून काही फायदा होतो का? ३५० स्त्रियांवरची चाचणी. उत्तर: आयुष्य वाढत नाही. एका सर्जनने, सर्जरीचा उपयोग नाही, असं सिद्ध करून छापलं. यामुळे किती बायकांची नको असलेली शस्त्रक्रिया टळली असेल, ते कुठल्या प्रोफाइलवर दिसतं?

तुझ्याच विषयातला नमुना हवा तर डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांचा २०१५ चा 'न्यू इंग्लंड जर्नल' मधला पेपर काढ. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीचा आहे, मानेत गाठ लागत नाही. तरी मानेतल्या ग्रंथी आधीच काढायच्या, की गाठ दिसेल तेव्हा? अनेक दशकं सर्जन यावर भांडत होते. ५०० रुग्णांचा निकाल: तीन वर्षांनी हयात ८० टक्के विरुद्ध ६७.५ टक्के. भांडण मिटलं, पद्धत बदलली. असे पेपर एका आयुष्यात दोन झाले तरी पुष्कळ. बाकी एकशेनव्वद असले काय नि नसले काय.

श्रेय कुणाच्या खात्यात जमा होतं हेही गमतीचं प्रकरण आहे. २००९ चा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा अभ्यास घे. उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव जिल्हा. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. एचपीव्हीची (हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची) चाचणी आयुष्यात एकदा केली तरी पुढे गेलेला आजार आणि मृत्यू दोन्ही जवळजवळ निम्म्यावर येतात, हे त्यातून दिसलं. पहिलं नाव डॉ. शंकरनारायणन यांचं, ते तेव्हा फ्रान्समध्ये लिऑनला होते. दुसरं बार्शीच्या डॉ. नेने यांचं. बार्शीत १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालू होती, कस्तुरी जयंत यांच्यासारख्या सांख्यिकीतल्या जाणकार तिच्यामागे होत्या, म्हणून हा अभ्यास तिथे होऊ शकला. नोंदणी चालवणं हे कंटाळवाणं, न संपणारं काम. ते नसतं तर मृत्यू मोजले कुणी असते? आणि गावोगाव फिरून, सासूची समजूत घालून, बायकांना तपासणीला आणणाऱ्या कार्यकर्तींची नावं तर कुठल्याच यादीत नाहीत. त्याच अभ्यासावर कडक टीकाही झाली, तुलनेच्या गटाला तपासणी का दिली नाही म्हणून. तो प्रश्न गंभीर होता आणि आहे. सायटेशनच्या खात्यात मात्र ती टीकाही जमेलाच धरली गेली.

तू प्रयोगशाळेत काम करणार, म्हणून डॉ. कमल रणदिवे यांच्याबद्दल एवढंच. पुण्याच्या, माहेरच्या समर्थ. पॅथॉलॉजिस्ट डॉ. खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएच.डी., मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्याकडे, ज्यांच्या लॅबमधून १९५१ मध्ये हेला पेशी, म्हणजे प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणाऱ्या पहिल्या मानवी पेशी, निघाल्या. परत येऊन मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये पेशी वाढवण्याची देशातली पहिली लॅब उभी केली, उंदरांमधल्या स्तनकॅन्सरचा विषाणूंशी आणि आनुवंशिकतेशी काय संबंध ते शोधत राहिल्या. त्या २००१ मध्ये गेल्या; एच-इंडेक्स आला त्यानंतर चार वर्षांनी. त्यांचा आज काढला तर तुझ्या सरांपेक्षा कमी भरेल अशी माझी अटकळ आहे. पण ती संस्था पुढे वाढत खारघरच्या 'ॲक्ट्रेक' या टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रापर्यंत आली, तिथे आज पेशी वाढवायला शिकणाऱ्या मुलांच्या हातात कुठेतरी त्यांचंच वळण असणार.

फसवणुकीचा भागही टाळून चालणार नाही. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या अनिल पोट्टी यांच्या गटाचा २००६ मध्ये 'नेचर मेडिसिन' मध्ये पेपर आला: गाठीतल्या जनुकांवरून कुठलं केमो लागू पडेल ते आधीच सांगता येतं. जर्नल नामांकित, सायटेशनचा पाऊस, आणि त्याच्या जोरावर रुग्णांवर चाचण्याही सुरू. ह्यूस्टनच्या बॅगर्ली आणि कूम्ब्स या दोन सांख्यिकीवाल्यांनी कच्ची माहिती घेऊन तोच हिशेब करून पाहिला. जनुकांची यादी एका ओळीने खाली सरकलेली. औषध लागू पडणाऱ्या आणि न पडणाऱ्या पेशींच्या चिठ्ठ्या काही ठिकाणी उलट्या. त्यांनी २००९ मध्ये हे छापलं, २०११ मध्ये मूळ पेपर मागे घेतला गेला, २०१५ मध्ये अमेरिकी सरकारी यंत्रणेने गैरप्रकाराचा ठपका ठेवला. त्या दोघांना या खटाटोपाची किती सायटेशन मिळाली हे मोजायच्या भानगडीत पडू नकोस. गाइड निवडताना गाइडचं नाव पबपीअरवर (छापलेल्या पेपरांतल्या चुकांची चर्चा होते ती वेबसाइट) आणि मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या यादीत जरूर शोध. एखादी दुरुस्ती सापडली तर घाबरायचं कारण नाही. चूक कबूल करून दुरुस्त करणारी लॅब मला आवडते. एकच चित्र वेगवेगळ्या नावांनी तीन पेपरांत दिसलं, तर मात्र चप्पल घालून निघ.

आता तुझ्या दोन याद्या. मी रविवारची दुपार घालवली त्यांच्यावर.

सरांच्या ९,४०० पैकी जवळजवळ ६,१०० सायटेशन तीनच पेपरांची आहेत. तिन्ही शेकडो लेखकांचे जागतिक अहवाल, त्यांचं नाव मध्ये कुठेतरी. यात गैर काही नाही, माझंही तेच आहे, पण तो आकडा त्यांच्या लॅबचा नव्हे. २१२ पैकी ११८ पेपर गेल्या चार वर्षांतले. म्हणजे बारा-तेरा दिवसांना एक. त्यांत स्तन, प्रोस्टेट, नॅनोकण, कोविड, आणि हळदीतलं अमुक द्रव्य तमुक प्रथिनात संगणकावर बसवून दाखवलेले डझनभर. तोंडाचा कॅन्सर नऊ ठिकाणी आहे आणि त्यांतले पाच दुसऱ्यांचं काम एकत्र सांगणारे आढावा लेख. दरवर्षी वर्तमानपत्रात 'जगातील दोन टक्के शास्त्रज्ञांत' म्हणून फोटो येतो, त्या यादीत ते आहेत. ती स्टॅनफर्डच्या इओआनिडिस यांच्या गटाने बनवलेली यादी प्रामाणिक आहे, स्वतःचीच सायटेशन वगळून काय उरतं तेही ती दाखवते. बातमी देणारे तो रकाना वाचत नाहीत, एवढंच. तू वाच.

मॅडमच्या ३८ पैकी २४ मध्ये त्यांचं नाव शेवटी आहे, आणि त्यांतल्या १९ मध्ये पहिलं नाव विद्यार्थ्याचं. सगळं काम एका वर्तुळात: सुपारी, तोंड आखडणं, त्यातून पुढे कुणाला कॅन्सर होतो आणि कुणाला नाही. २०१४ मध्ये त्यांनी हा धोका आधी ओळखायची एक खूण सुचवली होती. २०१८ मध्ये मोठ्या गटावर ती टिकत नाही असं स्वतःच छापलं. मला तिथेच त्या आवडल्या.

पण अडचणीही दिसतात. त्यांच्या प्रबंधांच्या तारखा बघता मुलांना सहा वर्षं लागतात, आणि तुझी जेआरएफ आणि तिचा पुढचा टप्पा एसआरएफ मिळून पाच वर्षांत संपते. सहाव्या वर्षी खायचं काय? सरांकडे यंत्रं आहेत, पैसा आहे, परदेशात ओळखी आहेत. पुढे पोस्टडॉकला, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाला, जायचं तर त्यांच्या पत्राला वजन असेल. हे खोटं मानू नकोस.

मी मॅडमकडे गेले असते. तू ठरवण्याआधी एक पूर्ण दिवस दोन्ही लॅबमध्ये बसून ये. गाइड खोलीत नसताना तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांबरोबर जेव. सरांना विचार, गेल्या वर्षीच्या पेपरांपैकी तुमचा आवडता कुठला आणि का. एकदा एका उमेदवाराला मी हाच प्रश्न केला होता, यादी १३० ची होती. ते कागद चाळत राहिले. आणि मॅडमना दोन गोष्टी विचार: सहाव्या वर्षाचे पैसे कुठून येतात, आणि २०१९ नंतर दोन वर्षं एकही पेपर का नाही. दुसरा प्रश्न आगाऊ वाटेल, पण हसून विचारलास तर त्या सांगतील. काय सांगतात ते मला कळव.